साहेबांची मऊ गादी

"तिची पिसं? ती तर केव्हाच माझ्या गादीत गेली," एका जंगलात एक अस्वल एका कोल्ह्याला म्हणालं. "काय मऊ आहेत म्हणून सांगू!"

"आणि मागितली तर?"

"केतकी मागणार? अरे, तिच्या चोचीतून 'हो' आणि 'बरं' याखेरीज काही निघालेलं ऐकलंयस कधी? शिवाय आता तिचं लग्न झालंय. नवरा उडतो ना? मग तिला काय करायचीयत पिसं!"

दोघं पोट धरून हसले. करवंदीच्या जाळीपलीकडे केतकी बसली होती. ती हसली नाही. ती साळुंकी होती, आणि साळुंकी असूनही गप्प होती. त्यामुळे ती जवळपास आहे हे कुणाच्या लक्षातच येत नसे.

तर मुलांनो, हे अस्वल म्हणजे मधाच्या कंपनीचे मालक. सगळे त्यांना साहेब म्हणत. कोल्हा कर्मचाऱ्यांचं कल्याण बघे. "मला साहेब नका म्हणू, दादा म्हणा," तो सांगे, "आपण एक कुटुंब आहोत." कोणत्या झाडावर मध पिकलाय ते हेरायचं, हे केतकीचं काम. तो खायचा, हे साहेबांचं. याला कंपनीची भरभराट म्हणत.

कंपनीत एक रीत होती. नोकरीला लागताना पक्ष्याने आपल्या शेपटीची पिसं साहेबांकडे ठेव म्हणून द्यायची. विश्वास म्हणून. कुणी कुणावर ठेवायचा, ते विचारायचं नाही. एरवी गळलेली पिसं पुन्हा उगवतात, पण मुलांनो, नोकरीत ठेवलेली उगवत नाहीत. पिसांवाचून या फांदीवरून त्या फांदीवर जाता येई. नदी ओलांडता येत नसे. थोडक्यात, कंपनीपुरतं उडता येई.

केतकीचा नवरा निशिकांत नदीपलीकडे जांभळाच्या झाडावर राहायचा. लग्न झाल्यापासून तोच रोज संध्याकाळी इकडे येई.

"आई विचारत होती, सून घर बघायला तरी येणार आहे का?"

"पळसाची फुलं गळू देत," केतकी म्हणे.

कारण तिने राजीनामा दिला होता आणि नियम तसा होता. रोज सकाळी सगळ्यांना रांगेत उभं राहून तो म्हणावा लागे. 'जो नोकरी सोडील, तो पळसाची फुलं गळेपर्यंत काम करील.' हे सगळे खणखणीत म्हणत. पुढे आणखी एक ओळ होती. 'आणि त्याच दिवशी साहेब त्याची पिसं स्वहस्ते परत करतील.' ही ओळ आली की साहेबांना खोकल्याची उबळ येई आणि कोल्हेदादा टाळ्या वाजवू लागत. नव्या पाखरांना वाटे, खोकला नियमातच आहे. तीही भक्तिभावाने खोकत.

फुलं गळली. केतकी कोल्हेदादांकडे गेली.

"दादा, फुलं गळली."

"छे! ते बघ, त्या टोकाला एक लाल लाल दिसतंय."

"ती पोपटाची चोच आहे, दादा."

"असेल, असेल. पण आधी नव्या पाखराला काम तरी शिकव."

"शिकवलं."

"मग जरा साहेबांचा मूड बघून बोलू. घाई काय आहे गं? आम्ही काय तुझी पिसं खाणार आहोत?"

खाणार नव्हते, हे केतकीला माहीत होतं.

"बरं," ती म्हणाली.

"शहाणी माझी बाय! आणि हे बघ, तुला निरोप मात्र दणक्यात देणार हं!"

निरोप खरंच दणक्यात झाला. वडाखाली सगळं जंगल जमलं. केतकीच्या खांद्यावर केळीच्या पानाची शाल घातली गेली. ती तिच्यापेक्षा मोठी होती. मागेच नोकरी सोडलेले तांबटकाकाही आले. पायी आले.

"यांच्याकडून शिका!" कोल्हेदादा म्हणाले. "काकांनी कधी पिसांचं नावसुद्धा काढलं नाही!"

टाळ्या पडल्या. तांबटकाकांनी आपल्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं आणि तेही टाळ्या वाजवू लागले.

मग साहेब बोलले. गादीवर ऐसपैस बसून बोलले. "केतकी आज जातेय. पण तिचं काहीतरी कायम आमच्यापाशी राहील."

हे बाकी खरं होतं.

नदीच्या त्या काठावर निशिकांत वाट बघत बसला होता. इथून तो एवढासा दिसत होता.

"बोल बाळ, चार शब्द बोल," कोल्हेदादा डोळे पुसत म्हणाले. "रडू आलं तर खुशाल रड. आपलंच घर आहे."

केतकीने शाल काढून खाली ठेवली. चोच उघडली आणि रोजचा नियम म्हणायला लागली. सवयीने सगळे तिच्यासोबत म्हणू लागले. दुसरी ओळ आली. साहेब खोकले. कोल्हेदादांनी टाळ्या वाजवल्या. नवी पाखरं खोकली.

केतकी थांबली. सगळ्यांचं खोकून होऊ दिलं. कोल्हेदादांचे पंजे दुखून थांबेपर्यंत वाट पाहिली. मग ती ओळ तिने एकटीने म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. जंगलात पहिल्यांदाच ती सगळ्यांना नीट ऐकू आली.

"साहेब," ती पुढे म्हणाली, "जरा उठता का? तुम्ही माझ्या पिसांवर बसलाय. आणि तांबटकाका, टाळ्या पुरे. या असे पुढे. तुमचीही तिथेच असतील."

तात्पर्य, फक्त मालकलोकांसाठी : गप्प पाखराला कधी नोकरीवर ठेवू नये, त्याला ऐकू फार येतं. ठेवलंच, तर आपण गवताच्या गादीवर बसावं.