डाव्या तर्जनीवरची उभी रेघ

ज्या वर्षी माझ्या धाकट्या नातवाचं, कुंदनचं लग्न एकदा ठरून मोडलं आणि मग रावेरच्याच दुसऱ्या घरी ठरलं, त्या वर्षी आमच्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. लग्नाची तारीख आम्ही भटजींना विचारून काढली. निवडणुकीची तारीख सरकारने कोणाला विचारून काढली ते समजलं नाही, पण ती लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आली. दोन्ही शुभकार्यंच असल्यामुळे गावाने हरकत घेतली नाही. वरण-बट्टीच्या पंगती लग्नाच्या की निवडणुकीच्या असं कोणी साहेबाने विचारलं तर काय सांगायचं, एवढं मात्र दोन्ही पॅनलने एकत्र बसून ठरवून ठेवलं. त्या दोघांचं एकमत झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

हळदीच्या संध्याकाळी माझ्या बहिणीची नात रोशनी जळगावहून आली. ती तिथे एका पार्लरमध्ये नखं रंगवण्याचं काम करते. सोबत बाटल्यांची पिशवी होती आणि एक छोटा निळा दिवा होता. मांडवातल्या बायांनी तिला घेरलं. तिने एकेकीचा हात हातात घेतला आणि तिचा चेहरा पडला.

"नखं कुठे आहेत तुमची?" तिने विचारलं.

"कापूस येचामा गयी," ताईबाई म्हणाली. "लांब नखं ठेवी तं भाकर कोन थापी, तुन्हा पार्लरवाला?"

सगळ्या हसल्या. पण रोशनी शिकलेली मुलगी होती. आखूड नखांसाठी सोपी नक्षी कोणती, हा तिच्या कोर्सचा एक अख्खा धडा होता. तो तिने तिथेच म्हणून दाखवला. आखूड नखावर फुलं काढू नयेत, नख आणखी आखूड दिसतं. मधोमध एकच बारीक उभी रेघ ओढावी, म्हणजे नख लांब भासतं. दहाही बोटं भरू नयेत. हल्ली एकाच बोटावर नक्षी काढतात, बाकीची मोकळी सोडतात. रंग गुलाबी घ्यायचा होता, पण हळदीच्या हातावर गुलाबी दिसेना, म्हणून वांग्याच्या सालीसारखा गडद जांभळा घेतला. बोट कोणतं, हा प्रश्न बट्टीच्या पिठाने सोडवला. सगळ्यांचे उजवे हात परातीत होते. तेव्हा डाव्या हाताची तर्जनी ठरली.

रेघ ओढताना बाया हसत होत्या, त्यामुळे ती नखावर थांबत नव्हती, थोडी खाली कातडीवर उतरत होती. रोशनी म्हणाली, "राहू दे. तशीच छान दिसते." मग बोट निळ्या दिव्याखाली धरायचं. दिव्याखालून निघालेला रंग पंधरा दिवस हलत नाही, असं तिने अभिमानाने सांगितलं.

शेवटी तानुवहिनी पुढे आल्या. तानुबाई म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनींनी आयुष्यात कधी नख रंगवलं नव्हतं आणि आयुष्यात कधी मतही दिलं नव्हतं. नख रंगवायला वेळ मिळाला नव्हता. मताचं कारण वेगळं होतं. त्या पोहोचायच्या आधी त्यांचं मत झालेलं असायचं. नवी सून होत्या तेव्हा सासरा, म्हणजे आमचा बाप, घरातल्या सगळ्या बायांची मतं टाकून यायचा. बायांना उन्हात कशाला, असं त्याचं म्हणणं. पुढे ते काम भावाने केलं. भाऊ गेल्यावर त्यांच्या वेगळ्या घरात पुरुष कोणी उरला नाही, म्हणून छत्री पॅनलच्या रुपचंदने ती जबाबदारी स्वतःहून घेतली. दर वेळी वहिनी कोरं बोट घेऊन केंद्रावर जात आणि कोरं बोट घेऊन परत येत.

"या वखतले मी पयली जासू," त्यांनी बोट दिव्याखाली धरत सांगितलं. "रुपचंद उठाना आगोदर."

"कोणाला देणार मोठी माय?" रोशनीने विचारलं.

"ते सांगनं ऱ्हातं तं मशीनले पडदा कसाले लावतस?"

लग्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी शाळेत मतदान सुरू झालं तेव्हा रांगेत पहिल्या तानुवहिनी होत्या. मी त्यांच्यामागे होतो. केंद्राध्यक्ष धुळ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवत असत. अत्यंत सज्जन, नियमाबाहेर पाणीही न पिणारे. त्यांनी वहिनींचं बोट हातात घेतलं, चष्मा वर केला, चष्मा खाली केला.

"मावशी, तुमचं मतदान झालेलं आहे."

"आत्ते तं दार उघाडं रे भाऊ!"

"तेच म्हणतो मी. मतदान सातला सुरू होतं. तुमच्या बोटावर सातच्या आधीची शाई आहे. म्हणजे तुम्ही वेळेआधी मतदान केलेलं आहे. हा वेगळा गुन्हा आहे, पण तुमचं वय पाहून मी तो धरत नाही."

मी पुढे होऊन सांगितलं की ही शाई नव्हे, नक्षी आहे, घरात लग्न होतं. साहेबांनी वहिनींच्या मागची रांग पाहिली. ताईबाईने कौतुकाने बोट वर केलं. तिच्यामागे कोकिळाने केलं. मग एकेक करत रांगेतल्या सगळ्या बायांनी डाव्या हाताची तर्जनी वर केली. साहेब खुर्चीत बसले.

"साहेब, दुसऱ्याने कोणी मत टाकलं असेल तर वेगळ्या कागदावर मत देता येतं, असं बाहेर भिंतीवर लिहिलंय," मी म्हणालो. साठीनंतर अक्षर ओळखायला लागल्यापासून भिंतीवरचं मी काही सोडत नाही.

"बरोबर आहे आबा. पण ते दुसऱ्याने टाकलं तर. इथे बोट त्यांचं स्वतःचं आहे."

वहिनींनी बोट डोळ्यांजवळ नेलं. "आजलोंग बोट कोरं आन् मत व्हयेल," त्या म्हणाल्या. "आज मत कोरं आन् बोट व्हयेल."

"दुसऱ्या बोटाला शाई लावा की," मी म्हटलं.

"तर्जनी नसेल तर पुढच्या बोटाला लावतात, तसा नियम आहे. पण यांना तर्जनी आहे."

"मंग काढी टाकू का?" वहिनींनी विचारलं.

साहेबांनी नियमावली शेवटपर्यंत चाळली. त्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

तालुक्याहून जीपने क्षेत्रीय अधिकारी आले. ते म्हणाले, "सोपं आहे. पुसून पाहा. पुसली गेली तर शाई नव्हे."

"पण सर, पुसली गेली तर शाई पुसल्याचा गुन्हा होतो," केंद्राध्यक्ष म्हणाले.

"आणि नाही पुसली गेली तर?"

"तर ती शाईच आहे. म्हणजे मतदान झालं."

"मग पुसूच नका."

तेवढ्यात रोशनी घरून बाटली घेऊन धावत आली. फाटकावरच्या हवालदाराने तिला थांबवलं.

"बाटलीत काय?"

"रिमूव्हर."

"काय रिमूव्ह करतं?"

"बोटावरचं."

मतदान केंद्राच्या शंभर मीटरच्या आत बोटावरचं काढायचं द्रव्य बाळगलं म्हणून हवालदाराने बाटली जप्त केली. रोशनी रडकुंडीला आली. "पण यानं निघणारच नाही काका. हे साधं नाही, जेल आहे."

"जेलचं आम्ही बघू," हवालदार म्हणाला. "तू नाव सांग."

दुपारी वरून फोन आला. ज्यांच्या बोटावर खूण आहे त्यांनी मतदान केलं आहे असे समजण्यात यावे, व तशी नोंद घेण्यात यावी. नोंद घेतली. महिला एकशे सत्तेचाळीस. आता नवीन पेच उभा राहिला. कागदावर एकशे सत्तेचाळीस बायांनी मत दिलं होतं आणि मशीनमध्ये एकीचंही नव्हतं. संध्याकाळी मेळ बसला नसता तर साहेबांची नोकरी गेली असती. साहेबांना दोन मुली होत्या.

तेव्हा छत्रीचा रुपचंद आणि कपबशीचा भटू पुढे आले. गावाची अब्रू जाऊ नये म्हणून दोघांनी बायांची मतं दाबून द्यायचं मान्य केलं. एक बटण छत्रीचं, एक कपबशीचं, अशा शिस्तीने काम चाललं. साहेब खिडकीतून सातपुड्याच्या दिशेने पाहत होते.

अडचण शेवटच्या मताला आली. संख्या विषम निघाली. एक मत उरलं आणि दोघेही ते सोडेनात. त्र्याहत्तर-त्र्याहत्तर मतं बिनतक्रार वाटून घेतलेली माणसं एका मतासाठी गळपट्टी धरायला उठली.

वहिनी सकाळपासून ओट्यावर बसून होत्या. घरी गेल्या नव्हत्या. त्या उठून आत आल्या.

"ते एक माले दाबू द्या," त्या म्हणाल्या. "भांडन बी मिटी."

रुपचंदने भटूकडे पाहिलं, भटूने साहेबांकडे. साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले.

"मावशी, तुमच्या नावापुढे मतदान झाल्याची नोंद आहे. एका व्यक्तीला दोनदा मतदान करू देणं मला शक्य नाही. माझ्या केंद्रावर गैरप्रकार होऊ द्यायचा नाही, हे मी सकाळीच ठरवलं होतं."

मग नाणं उडवलं. भटूचा छापा आला.

पुरुषांची मतं मोजणीत बरोबरीत सुटली. कपबशी एका मताने निवडून आली. भटू गुलालाने माखून वहिनींच्या पाया पडायला आला. "अक्का, तुमच्या मतावर निवडून आलो!"

"मी छत्रीले देनार व्हतू का कपबशीले, तुले काय ठाऊक रे?"

"आता काय फरक पडतो अक्का," भटू म्हणाला, आणि त्यांच्या हातावर पेढा ठेवला.

महिलांच्या टक्केवारीबद्दल गावाला प्रशस्तिपत्र मिळालं. मतदार जागृतीच्या साहेबांना रोशनीची नक्षी फार आवडली. बाटली परत आली, गुन्हा मागे घेतला आणि तिचा सत्कार झाला. पुढच्या निवडणुकीला धुळ्यात नि जळगावात पार्लरवाल्यांनी बोर्ड लावले: आखूड नखांसाठी लोकशाही रेघ, रांग नाही, ऊन नाही. लोकांना ते पटलं. आदल्या रात्री रेघ ओढून घ्यायची, सकाळी गाडीतून फिरायला जाता जाता बोटाचा फोटो टाकायचा. काही शिकलेले लोक त्या फोटोखाली बाकीच्यांना रागावतही होते, मतदान का करत नाही म्हणून. वाचकहो, आपणही फोटो टाकला असेल. मी पाहिला. बोट छान आलंय. त्या फोटोला आपल्या नातेवाइकांनी जे अंगठे दिले, तेवढे अंगठे मी अक्षर शिकण्याआधी जन्मभर उठवले नसतील.

त्याच निवडणुकीत आमच्या गावाने शंभर टक्के मतदान केलं. एकही नाव सुटलं नाही. तानुवहिनी त्याच्या पंधरा दिवस आधी, भोगीच्या दिवशी सकाळी वारल्या.