भगव्या तंबूतले महाराज

"दर सोमवारी बारा वाजेपर्यंत बोलायचं नाही. लिहायचंही नाही. अगदीच अडलं तर खूण कर!" मौनाचं व्रत देताना सासूबाईंनी सांगितलेलं. इतकी वर्षं झाली, माझं मौन कधी मोडलेलं नाही. एकदा पायावर कुकर पडला, तरी मी फक्त डोळे मोठे केले!

सुप्याजवळच्या आमच्या माळावर पुण्याकडच्या मंडळींचा संगीत महोत्सव झाला. फलकावर लिहिलेलं, 'निसर्गाच्या कुशीत'. त्या कुशीत ही मंडळी नाचली, झोपली आणि रविवारी अंथरुणासकट घाण तिथंच टाकून गाडीत बसली! आमच्याकडे मांडववाला वाकडा खिळासुद्धा मोजून नेतो. इथं उभे तंबू, गाद्या, घडीच्या खुर्च्या, आणि एकेकटे बूट! उरलेल्या पायानं पुण्यापर्यंत लंगडी घालत गेले असावेत.

शेजारच्या छबूबाईची गाभण गाय त्याच माळावर चरते. त्या संध्याकाळी छबूबाई रडकुंडीला येऊन म्हणाली, "काकू, घरात वैरन न्हाई. अन् माळावर सोडली, तिनं पिशवी गिळली, तर वासरासकट जाईल वो!"

"उद्या दुपारी खुशाल सोड," मी म्हटलं. "भजनी मंडळाच्या बायका घेऊन सगळं आरशासारखं लख्ख करते!"

सकाळी मंडळातली एकही आली नाही. एकीचे गुडघे, दुसरीचे पाहुणे, तिसरीच्या पाहुण्यांचे गुडघे! मी एकटीच पोती घेऊन गेले. चालून दमले, म्हणून आधी जप करायला एका भगव्या तंबूसमोर टेकले. आत चालू राहिलेला बॅटरीचा पंखा घूं घूं करत होता, आणि तंबू श्वास घेतल्यासारखा फुगत होता.

दूधवाल्या सूर्यभाननं गाडी थांबवली. "काकू, आत कोन हाय?"

मी ओठांवर बोट ठेवलं. म्हणजे, मौन आहे!

"ध्यानात हायेत व्हय!" त्यानं चपला काढल्या. "कोन महाराज?"

मी हात हलवून 'कोणी नाही' सांगितलं. त्यानं तो आशीर्वाद समजून डोकं टेकवलं, आणि लगेच फोन लावला.

बघता बघता अर्धं गाव लोटलं! नारळ, हार, उदबत्त्या! कुणी थर्माकोलच्या ताटल्यांत साबुदाण्याची खिचडी वाटायला घेतली. मी तंबूची चेन उघडायला गेले, तर सूर्यभान आडवा. "काकू, समाधी मोडायचं पाप घेऊ नका!"

तेवढ्यात आमचे हे आले. शामकांतराव, निवृत्त मुख्याध्यापक. माझं मौन यांना ठाऊक! सुटले एकदाची, असं वाटलं. मी खुणा केल्या: तंबू, कचरा, पोतं. यांनी आधी गर्दी पाहिली आणि घसा खाकरला. उभ्या नोकरीत वर्गानं ऐकलं नाही, आता गाव ऐकणार होतं!

"बंधुभगिनींनो, प्रथम दर्शन माझ्या सौभाग्यवतीस घडलं! तिची खूण काय सांगते? अहंकाराचं पोतं रिकामं करा!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या!

देवळात बाराची घंटा झाली. "अहो, आत नुसता कचरा आहे!" मी ओरडले. पण माझं ओरडणं म्हणजे इतरांची कुजबुज. पुढच्या बाईनं ते मागं कळवलंही, "काकू म्हणतात, आपल्या आत नुसता कचरा आहे!" मागच्यांनी भक्तिभावानं माना डोलावल्या.

आणि छबूबाई गाय घेऊन आली. गाय कुठल्या महाराजांची अनुग्रहित नव्हती. हारांच्या वासानं ती थेट पुढं घुसली, शिंग अडकलं, आणि तंबू उलटा! बाहेर पडले नूडल्सचे डबे, ओले मोजे, बाटल्या आणि तो पंखा.

मग सूर्यभान हळूच म्हणाला, "अंतर्धान पावले!"

"आणि जाताना गोमातेचं रूप घेतलं!" यांनी पुरवणी जोडली. गाव हात जोडून जेवायला घरी गेलं. हे सर्वांत पुढं.

छबूबाईनं गाईच्या जबड्यात हात घालून प्लास्टिकची पिशवी ओढून काढली. हारांची होती.

"काकू," ती म्हणाली, "पुन्यावाले परवडले की! तुमी तर शब्द दिल्ता."

"बाभळीला बांध तिला. आजच सुटेल."

मी पदर खोचला. नारळाच्या शेंड्या, उदबत्तीचे पुडे, खिचडीच्या ताटल्या... पोतं तोंडापर्यंत गच्च भरलं, तेव्हा कुठं लक्षात आलं. पुण्याच्या कचऱ्यापर्यंत मी अजून पोचलेच नव्हते!