लेबल वाचणारे नाना

देवपुरातल्या आमच्या गल्लीत नाना पिशवी घेऊन निघाले की किराणावाला तेलाच्या बाटल्यांची तोंडं भिंतीकडे फिरवतो. कारण नाना सामान घेत नाहीत, त्याची उलटतपासणी घेतात. 'हृदयाचा मित्र' छापलेला डबा दिसला की विचारतात, "कोणाच्या हृदयाचा? तुझ्या की कंपनीच्या?" एकदा केस उगवणारं तेल दिसलं, तर टोपी काढून गुळगुळीत डोकं त्यांनी काउंटरवर झुकवलं. "लाव. गिऱ्हाइकांसमोर लाव. लिखेल शे ना, मंग सिद्ध कर!"

हे त्यांचं पालुपद. नोकरी कोर्टात बेलिफाची, त्यामुळे कायदा जिभेवर. खाण्याच्या वस्तूची खोटी जाहिरात केली तर दहा लाखांपर्यंत दंड होतो, हे त्यांनी माझ्या मुलीच्या बारशात पाळण्याला झोका देता देता सांगितलं होतं.

आम्ही हसायचो. मग गेल्या वर्षी आई ओट्याशीच कोसळली. मी कामावर. शेजारचे नाना धावले. फळीवर त्यांना एक पावडरचा डबा दिसला : 'मधुमेह मुळासकट बरा. गोळ्या कायमच्या बंद.' डबा फिरवून त्यांनी खालची बारीक अक्षरं वाचली, मग पुन्हा वाचली.

"वैनी, गोया बंद करी टाक्यात का?"

आईनं मान खाली घातली. नानांनी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. आज आई आहे, ती नानांमुळे.

तक्रारही नानांनीच केली. जळगावच्या सुनावणीला मी सोबत गेलो. पावडरवाल्याचा वकील म्हणाला, "साधा झाडपाला आहे साहेब, त्यानं अपाय होत नाही."

नाना उठले. "झाडपाल्यानं नाही केला साहेब. अक्षरांनी केला."

दंड झाला, माल परत मागवायचा हुकूम झाला. मला वाटलं, नाना खूश असतील. बाहेर आल्यावर ते पावडरवाल्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, "जेवला का रे?" तो तोंड फिरवून निघून गेला.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "ओळखीचा होता का, नाना?"

"मना धाकला भाऊ शे तो. चोपड्याले राहस." खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "बाराखडी मीच शिकाडेल शे त्याले."

"म्हणजे डबा वाचला तेव्हाच तुम्हाला..."

"नाव-पत्ता बी लिखेल व्हता ना."



घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं.

नाना एकटेच राहतात. दरवर्षी दिवाळीला चोपड्याहून पुतण्यांची फौज यायची. यंदा कोणी आलं नाही. भाऊबीजेला आईनं पाट मांडला, रांगोळी काढली आणि नानांना बोलावून ओवाळलं. नाना ताटात ओवाळणी टाकून बसून राहिले. उठेचनात.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"काही नही. बसू द्या जराखं."