साळूबाईचा जोड आणि महाराजांचा वारा

एका जंगलात एक नदी होती आणि तिच्यावर एक पूल बांधायचं चाललं होतं. लोखंडी पूल, बरं का बाळांनो. पूर्वी तिथे लाकडी पूल होता, तो वाळवीने खाल्ला. वाळवीला विचारलं तर ती म्हणाली, ठेका माझाच होता.

म्हणून या वेळी लोखंड आणलं आणि ते जोडायला साळूबाईला बोलावलं. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे असल्यामुळे तिला ठिणग्यांची भीती नव्हती. मिग वेल्डिंगमध्ये, म्हणजे मशीनमधून येणारी तार वितळवून लोखंड जोडण्यात, तिचा हात धरणारं त्या जंगलात कुणी नव्हतं.

आता एक गोष्ट नीट ऐका. साळूबाईचं बीळ त्या पुलाच्या बरोबर खाली होतं. बिळात तिची तीन पिल्लं होती. गुरुवारी उद्घाटन होतं आणि पुलावरून पहिली जाणार होती थोरली हत्तीण. हत्तीण स्वभावाने फार चांगली, पण वजनाने हत्तीणच. पूल पडला असता तर थेट पिल्लांवर पडला असता. बीळ हलवायची सोय नव्हती, कारण बाकी सगळा काठ महाराजांनी सुशोभीकरणासाठी राखून ठेवला होता.

सोमवारी काम सुरू झालं. सिंहमहाराज स्वतः पाहणीला आले, काळा गॉगल लावून. त्यांच्या मागे मोर होता. त्या राज्याची रीतच होती की महाराज जिथे जातील तिथे मोराने पिसाऱ्याने वारा घालायचा. वारा थांबला तर महाराज महाराज नाहीत, असं घटनेत लिहिलं होतं.

साळूबाईने पहिला जोड मारला. तडतड झाली, धूर झाला. थंड झाल्यावर पाहते तर जोडाला ही भोकं! अगदी जाळीदार घावन.

महाराजांनी लगेच दोष शोधायला समिती नेमली. समितीत कोल्हा होता. अध्यक्ष कोल्हा, सचिव कोल्हा, आणि चहा सांगायलाही कोल्हाच.

कोल्हा म्हणाला की तार गंजलेली असणार. तार बदलली. भोकं आली. मग म्हणाला की लोखंडावर तेल असणार. साळूबाईने तारेच्या ब्रशने लोखंड असं घासलं की त्यात कोल्ह्याला स्वतःचा चेहरा दिसला आणि तो दचकला. भोकं आलीच. मग त्याने करंट वाढवायला लावला, तेव्हा पत्रा जळून आरपार खिंडार पडलं. मग कमी करायला लावला, तेव्हा वितळलेली तार लोखंडात मुरेचना, गार भाकरीवर तूप बसावं तशी नुसती वर बसून राहिली. मंगळवार असा गेला.

बुधवारी दुपारी महाराज जेवायला गेले आणि मोर त्यांच्या मागोमाग गेला. साळूबाईने करंट पुन्हा होता तिथे आणला आणि सहज एक जोड मारला. गुळगुळीत! एकही भोक नाही. दुसरा मारला, तोही तसाच. साळूबाई तिथेच दोन पायांवर नाचली. महाराज परत आले, तिसरा मारला आणि त्याला भोकं.

साळूबाईने नाकाचा शेंडा ओला करून हवेत धरला, आणि तिला सगळं कळलं.

त्याचं असं असतं, बाळांनो. लोखंड वितळलेलं असतं तेव्हा मशीनच्या नळीतून गॅस येतो आणि त्यावर पांघरूण घालतो. ते पांघरूण वाऱ्याने उडालं की लोखंडाला हवा लागते, त्यात बुडबुडे होतात आणि ते तसेच गोठतात. तीन पिल्लांच्या आईला पांघरूण उडाल्याचं वेगळं समजावावं लागत नाही.

पण हे महाराजांना सांगणार कोण? मागे एकदा सशाने सांगितलं होतं की वाऱ्याने धूळ उडते. ससा आता कुठे असतो ते विचारू नका.

तेवढ्यात समितीचा अहवाल आला. त्यात कोल्ह्याने लिहिलं होतं की ही भोकं नसून ही पारदर्शकता आहे. या पुलातून आरपार दिसतं, असा कारभार त्रिभुवनात दुसरा नाही. महाराज खूश झाले आणि म्हणाले की सगळा पूल असाच करा. उद्घाटनाला एक दिवस उरला होता.

साळूबाई जराशी खोकली आणि पुढे आली.

"महाराज, लहान तोंडी मोठा घास घेते. एवढं काम चाललंय आणि आपला एक फ्लेक्स नाही?"

महाराजांनी कोल्ह्याकडे पाहिलं. कोल्ह्याने मोराकडे पाहिलं. मोर वारा घालत राहिला.

तासाभरात सुगरण पक्षीण फ्लेक्स घेऊन आली. चांगला वीस बाय बारा. मध्ये महाराज गॉगल लावून, एक बोट वर केलेलं. खाली शुभेच्छुकांच्या चार ओळी, त्यात कोल्हा तीन वेळा. सुगरणीने रिवाजाप्रमाणे कात्री काढली. वाऱ्याने फ्लेक्स फाटू नये म्हणून त्याला अर्धचंद्रासारखी भोकं पाडतात ना, ती पाडायला.

"भोकं नकोत," साळूबाई म्हणाली.

"अगं, वाऱ्याने टराटरा फाटेल."

"मग पाड. पहिलं भोक महाराजांच्या छातीवरच येतंय, बघ."

सुगरणीने कात्री खाली ठेवली.

फ्लेक्स लावला महाराजांच्या खुर्चीसमोर, तोंड महाराजांकडे करून. फ्लेक्सच्या अलीकडे महाराज, पलीकडे साळूबाई आणि पूल. महाराज जे स्वतःकडे बघत बसले ते बघतच बसले. मोराला चेव आला आणि तो दुप्पट जोराने वारा घालू लागला. वारा फ्लेक्सवरच्या महाराजांच्या छातीवर फडफड आपटायचा आणि तिथेच संपायचा.

पलीकडे साळूबाईने ग्राइंडर घेतला. भोकांचे सगळे जोड मुळापासून खरवडून काढले, कारण भोकांवरून नुसता नवा थर चढवला की भोकं आत तशीच राहतात. मग एकेक जोड नव्याने मारला. सगळे गुळगुळीत! ती गात होती आणि ठिणग्या उडत होत्या. मान दुखायला लागली तरी तिला आनंदाने हसू फुटत होतं.

गुरुवारी थोरली हत्तीण पुलावर आली. साळूबाई खाली बिळाच्या तोंडाशी पिल्लांना पोटाशी घेऊन बसली. मेली भीती ती भीतीच, जोड कितीही चांगला असो. हत्तीण मधोमध पोचली आणि तिथे उभी राहून सोंडेने तिने जोड चाचपला.

"साळू, झोपव गं पिल्लांना," ती वरून म्हणाली. "मी हळू जाते."

पूल कुरकुरलासुद्धा नाही.

समितीचा दुसरा अहवाल एका ओळीचा होता. दोष: फ्लेक्स नव्हता. उपाय: फ्लेक्स लावला. तेव्हापासून त्या जंगलात विहीर आटली की फ्लेक्स लावतात, माकडाला खोकला झाला की फ्लेक्स लावतात. साळूबाईचाही सत्कार म्हणून पुढच्या फ्लेक्सवर तिचा फोटो छापला, शेवटच्या ओळीत कोपऱ्यात. तो चुकून घुशीचा निघाला. साळूबाईने तक्रार केली नाही. तिने फक्त फ्लेक्सला भोकं नाहीत ना, एवढं पाहून घेतलं आणि मशीन सुरू केलं.

तात्पर्य: खरं बोलू नये, त्याने आपला ससा होतो. थोरांच्या वाऱ्याने काम बिघडत असेल तर त्यांचाच फोटो आडवा धरावा. वारा अडवायला इतकी जाड वस्तू बाजारात दुसरी मिळत नाही.