लालासाहेबांचं शून्य

"आभाळ खोटं बोलंल, पण माझं नळकांडं न्हाई!" लालासाहेब पारावर बसून मिशीला पीळ देत सांगायचे. फौजेतनं हवालदार होऊन आलेला गडी, आणि सरकारनं पाऊस मोजायचं नळकांडं नेमकं त्यांच्याच परड्यात बसवलेलं! आता माणच्या दुष्काळी मुलखात पाऊस कुठला? रोज सकाळी झाकण काढायचं, आत बघायचं आणि शून्य कळवायचं. पण ऐट अशी, की कोयनेचं धरणच ह्यांच्या ताब्यात!

एका संध्याकाळी ग्रामसेवक नानासो धापा टाकत आला.

"घोटाळा झाला! उपग्रहानं वरनं फोटो काढलाय. आपल्यावर पांढराफेक ढग! पुण्याच्या वेधशाळेचं साहेब म्हणत्यात, पाऊस झाला असणार. उद्या सोता मोजायला येत्यात!"

"आरं, पण थेंब न्हाई पडला!"

"मला काय सांगताय? शून्य निघालं, तर यंत्र बिघडलंय म्हणून उचलून तिकडं पावसाच्या पाटणला नेतील!"

यंत्र गेल्यावर गावात कोण कुत्रं विचारणार? तांबडं फुटायला लालासाहेब उठले, माठाच्या तळाचं तांब्याभर पाणी घेतलं आणि दिलं नळकांड्यात ओतून. चांगला तीन इंच पाऊस पाडला!

जीप आली, मागनं नानासोही आला. पुण्याचे घामाघूम वर्धमानसाहेब उतरले आणि त्यांनी लालासाहेबांचा हातच धरला.

"आम्ही साफ फसलो हो! वरनं ढगाचा माथा तेवढा दिसतो, पोटात पाणी आहे का ते कळत नाही. पाटणवर फिकट ढग, तिथं धो धो! तुमच्यावर पांढराशुभ्र, आणि आसपासची सगळी गावं कोरडी. आता तुमचं शून्य तेवढं बघू द्या, हे यंत्र इथनं कधी हलायचं नाही!"

"साहेब, आदी च्या घ्या की..."

"आधी शून्य!"

साहेबांनी आतली बाटली काढली. तीन इंच! त्यांनी आभाळाकडं बघितलं, मग आपल्या धुळीनं माखलेल्या बुटांकडं.

"अहो, परडं तर ठणठणीत कोरडं आहे!"

"लय नेमका पडला, साहेब," लालासाहेब पुटपुटले. "नळकांड्यापुरताच."

साहेबांनी घाम पुसला. "घोटभर पाणी तरी द्या."

सकाळपासनं धुमसत असलेल्या लालासाहेबांच्या पत्नी राहीबाई दारात आल्या. "कुठलं पाणी? टँकर दुपारी येणार. माठात तांब्याभर राखलं हुतं, ते ह्यांनी त्या नळकांड्यात वतलं! तिथनंच घ्या, वाळा घातलेलं हाय!"

साहेबांनी बाटलीचा वास घेतला. मग एका दमात रिकामी केली!

"लिहा, नानासो. पाऊस शून्य."

"मग यंत्र ऱ्हातंय न्हवं, साहेब?" लालासाहेबांनी हळूच विचारलं.

"राहतंय की!" साहेब तोंड पुसत म्हणाले. "मोजायचं काम मात्र उद्यापासनं वहिनींकडं!"