अस्वल आल्यास काय करावे

रोमानियात फिरायला येणाऱ्यांनी अस्वलापासून जीव कसा वाचवावा, हे सांगणारं आमच्या डोंगरगावाचं पत्रक मी लिहिलेलं आहे. (कचेरीत रिकामा मीच सापडलो.) एकूण सात सूचना. पहिलीच : अन्न उघड्यावर ठेवू नये.

त्या रविवारी आमच्या इलिंकाचे होणारे सासू-सासरे जेवायला येणार होते. मुलगी पसंत की नाही, हे त्यांनी अजून कळवलं नव्हतं. माझ्या बायकोनं, विओरिकानं, पहाटेपासून खपून कोबीच्या पानांत खिमा गुंडाळला आणि सरमाल्यांचं भलंथोरलं पातेलं शिजवलं.

"अहो, हे निवायला तळघरात ठेवून या."

तळघराला बावीस पायऱ्या, आणि माझ्या गुडघ्यांना एकही चालत नाही. मी पातेलं मागच्या ओट्यावर ठेवलं आणि झाकणावर वीट ठेवली. (विटेबद्दल पत्रकात काही लिहिलेलं नाही.)

दहा मिनिटांनी बघतो तर वीट अंगणात आणि अस्वल पातेल्यात!

मी प्लमच्या झाडावर कसा पोचलो, ते मला आजही सांगता येत नाही. गुडघ्यांनी चकार शब्द काढला नाही. कुंपणापलीकडून एक डच जोडपं चाललं होतं, ते शांतपणे थबकलं. नवऱ्याच्या हातात माझंच पत्रक.

"साहेब, सूचना चौथी," तो हळूच म्हणाला. "पळू नये."

"पळून झालं!"

"पाचवी. झाडावर चढू नये. अस्वल तुमच्यापेक्षा चांगलं चढतं."

"अहो, मीच लिहिलंय ते!"

त्याच्या बायकोनं पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवून दिलं.

तेवढ्यात विओरिका लाटणं घेऊन बाहेर आली. (सूचना सहावी : अस्वलावर ओरडू नये.)

"मेल्या, लाज नाही वाटत? पाहुणे यायची वेळ झाली आणि असले धंदे? चल, नीघ!"

क्षणभर मला वाटलं, मलाच म्हणतेय. अस्वलाला मात्र शंका आली नाही. शेवटचा सरमाला तोंडात धरून ते कुंपणावरून पसार झालं.

आणि फाटकात पाहुणे उभे! त्यांनी सगळं पाहिलं होतं. पोरीचं जमत आलेलं लग्न मी बावीस पायऱ्यांपायी घालवलं होतं. दारात इलिंका रडवेली झाली होती.

विहीणबाई पातेल्यात डोकावल्या. "चाटूनपुसून साफ! म्हणजे हाताला चव आहे." मग त्यांनी विओरिकाच्या लाटण्याकडे पाहिलं आणि बराच वेळ वर झाडाकडे.

"पोरगी कुणावर गेलीय?"

"आईवर!" मायलेकी एकदम ओरडल्या.

"मग लग्न पक्कं," विहीणबाई म्हणाल्या. "आता यांना कुणीतरी खाली उतरवा."