डबल बेल आणि आबांचं मशीन

आधी किसनकाकांचं नाव लिहितो, मग बाकीचं. काका आमचे पिंपळगाव रेणुकाईचे शेजारी, एसटीचे रिटायर कंडक्टर, घरात एकटेच. नोकरी सुटली, पण बेल सुटली नाही. पाहुणा निघाला की दारावर गाडी सुटायची डबल बेल, टक-टक, देणार; त्याशिवाय त्यानं हलायचं नाही. पोळी नको असली की ताटावर एकदाच टक.

माझ्या आबांना कंपवात. त्यांच्या छातीत, कातडीखाली एक छोटं मशीन बसवलंय. तिथून तार डोक्यात जाते अन् हात थांबतात. त्याची बॅटरी वरूनच भरायची, बिनतारी: चार्जरची चकती छातीवर धरून बसायचं. मी आठवीतून शाळा सोडलेला, सुरतेच्या कापड मिलमध्ये. म्हणून हे काम काकांनी आपणहून घेतलं. चकती लागली की खाटेवर टक-टक. "चला, बसा बराबर. भोकरदन येईस्तोवर कोणी उतरायचं न्हाई."

उन्हाळ्यात गावची डीपी जळाली अन् वीज गेली. चार्जर रिकामा, आबांचं मशीनही संपत आलेलं. काका जीपनं जाफराबादला गेले, ओळखीच्या दुकानात चार्जर भरून आणला. तोवर आबांचा हात एवढा उडायला लागला की पाणी तोंडात कमी, अंगावर जास्त. मी फोनवर, मिलच्या जिन्यात उभा.

चकती ठेवली. पिं-पिं. मशीन सापडेना.

"काका, जरा खाली सरकवा."

"सरकवून राह्यलो ना. तू सुरतेतून गाडी चालवू नको."

पिं-पिं. मागं आबांच्या हातातला पेला खाटेवर खडखडत होता. तेवढ्यात दवाखान्यातलं बोलणं आठवलं.

"काका, मधे काही लोखंड-पितळ तर न्हाई?"

"कशाला असंल? साधी बंडी हे." फोनवर नुसती पिं-पिं.

शेवटी आबाच अडखळत बोलले, "किसन, तुझा बिल्ला."

त्याच आठवड्यात जत्रेला जाताना, गर्दीत कोणाचं कोपर मशीनला लागू नये म्हणून, काकांनी स्वतःचा पितळी कंडक्टरचा बिल्ला आबांच्या बंडीच्या आतून शिवला होता. बराबर मशीनवर.

टाके उसवल्याचा आवाज आला. मग पिं-पिं थांबली. टक-टक मात्र झाली नाही.

संध्याकाळी आबांनी स्वतः फोन लावला. बोटं ऐकायला लागली होती. म्हणाले, "मशीन भरलं, चार्जर वाजला बी. पण किसननं छातीवरला हात काढला न्हाई. म्हणला, 'बसू दे थोडं. घरी जाऊन कोणाला बेल मारू?'"

काका, मला सुट्टी मिळू द्या. जन्मभर एसटीत उभे राहिलात. एक दिवस तुम्हाला खिडकीपाशी बसवून लांब फिरवून आणीन. निघायची बेल मी देईन. अन् उतरायची घाई कोणी करणार नाही.